वीस लिटर पाणी

आमच्या सामानात सगळ्यात जड काय असेल तर ते पाणी. औषधांची दोन खोकी होती, पेट्रोमॅक्स होता, चटयांची वळकटी, बाजाची पेटी आणि दहा-दहा लिटरचे दोन पांढरे जेरीकॅन. काठीत कान अडकवून दोघांनी खांद्यावर घ्यायचे, कावडीसारखे. डांबर संपलं तिथं जीप थांबली आणि पुढची दोन-अडीच तासांची चढण आम्ही ते पाणी वाहत चढलो. वाटेत एकच ओहोळ तीनदा आडवा आला. जानेवारीतला, गार, तळाचे गोटे दिसावेत इतका नितळ. त्याच्या गुडघाभर पाण्यातून आम्ही खांद्यावर पाणी घेऊन पलीकडे गेलो. काठावर शेळ्या राखणारी दोन पोरं उभी होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

साल १९९४. नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, अक्राणी तालुका तेव्हा धुळ्यातच मोडायचा. नगरच्या आमच्या मंडळीतल्या तरुण संघानं आदल्या नाताळचं नाटक रद्द केलं आणि पडद्यांचे, भाड्याच्या पोशाखांचे वाचलेले पैसे घेऊन सातपुड्यात तीन दिवसांचं आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवलं. नाटकात मला हेरोदाचं काम मिळणार होतं, त्यामुळे माझा उत्साह जरा बेताचाच होता. आम्ही सात जण होतो. पाळकसाहेब, एका मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, त्यांच्याबरोबरच्या सिस्टर, संघातले आम्ही तिघे आणि दुभाषे म्हणून नवापूरकडचे एक सुवार्तिक भाऊ. दुभाषे तेही नावालाच. त्यांची बोली मावची आणि हा मुलूख पावरांचा, इथं पावरी चालते. "अर्धं कळतं," भाऊ म्हणाले, "अर्धं कळल्यासारखं करतो."

पाण्याचा नियम सिस्टरचा होता आणि त्याला अपील नव्हतं. वर पोचेपर्यंत जेरीकॅनमधलं प्यायचं, पोचल्यावर स्टोव्हवर उकळलेलं. दुसऱ्या कुणाच्या घरचं ओठालाही लावायचं नाही. आमच्यातला एक जण कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या, "कावीळ झाली तर तुला बांबूच्या झोळीत घालून खाली कोण नेणार? हीच माणसं ना? म्हणजे सेवा कुणी कुणाची करायची?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात सिस्टर चुकल्या असं कुणाला वाटू नये.

गाव म्हणावं असं तिथं एका नजरेत काही दिसत नाही. एक घर या टेकाडावर, दुसरं समोरच्या, मध्ये दरी. कुडाच्या भिंती, सागाचे खांब, दाराशी मक्याच्या कणसांची माळ. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरातून उत्तर येतं, पण माणूस यायला अर्धा तास लागतो. शाळेची एक खोली होती, ती आम्हाला मिळाली. गुरुजी सुटीवर होते. ते कधीपासून सुटीवर होते हे फळ्यावरच्या तारखेवरून कळत होतं, ती ऑगस्टातली होती.

माझ्याकडं नोंदवहीचं काम होतं. अनुक्रमांक, नाव, वय, तक्रार, औषध असे पाच रकाने मी नगरलाच पट्टीनं आखून नेले होते. पहिल्याच सकाळी वही उघडली आणि रांग जागीच थबकली. मग एकेक जण पुढं येऊ लागला, पण नाव विचारलं की सगळे एकच नाव सांगायचे. ओळीनं अकरा माणसांचं नाव एक. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. भाऊंनी हळूच कानाशी येऊन सांगितलं, "वही मिटा." आदल्याच पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी नर्मदाकाठच्या मणिबेलीत शिरलं होतं. वही घेऊन येणारे, नावं लिहिणारे, घरं मोजणारे आणि दांडकी रोवून जाणारे लोक या डोंगरांनी काही वर्षं पाहिले होते. हे गाव काठापासून वर होतं, बुडीतात नव्हतं. पण वहीची भीती खालून वर चढली होती. मी वही मिटली. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी पाहिलेल्या माणसांची मी नुसती उभी रेघ मारत गेलो, चारांवर पाचवी आडवी.

खरूज होती, खोकला होता, डोळे चिकटलेली तान्ही मुलं होती. आणि हाडं दुखतात म्हणणारी पोरं होती, आठ-दहा वर्षांची, पांढुरक्या डोळ्यांची. सांधे सुजायचे, ताप यायचा, आपोआप जायचा, परत यायचा. त्यांना आम्ही तीन दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं. डॉक्टरीणबाई एका मुलाच्या पोटाला हात लावून बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "याचं रक्त तपासायला पाहिजे." मग त्यांनी आमच्या दोन खोक्यांकडं पाहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांमध्ये सिकल सेल किती आहे हे आता तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या पोस्टरवरही वाचायला मिळतं. तो आजार आईबापांच्या रक्तातून येतो आणि जन्मभर राहतो. आम्ही त्या मुलाला नऊ गोळ्या दिल्या होत्या.

दुपारी सिस्टरनी बायकांना बोलावून स्टोव्हवर पाणी उकळून दाखवलं. भाषेची अडचण त्यांना कधी आलीच नाही. बोटांनी बुडबुडे काढून दाखवायच्या, पोट धरून कळवळायच्या आणि मग तीन बोटं वर करायच्या. तीनदा खळखळ उकळी आली पाहिजे, तीनदा! बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण बघत मात्र नीट होत्या.

त्यांच्यात एक म्हातारी होती. तिचं घर शाळेच्या सगळ्यात जवळ, म्हणजे पाच मिनिटांच्या उतारावर. दुसऱ्या दिवशी तिची नात तापानं फणफणली म्हणून डॉक्टरीणबाई घरी गेल्या, पेटी घेऊन मी मागोमाग. नातीला पाहून झालं, गोळी दिली. म्हातारीनं घोंगडी झटकून अंथरली आणि आतून तुंबा आणला. वाळवलेल्या भोपळ्याचा, वापरून वापरून शिसवासारखा काळा झालेला. तो दोन्ही हातांनी धरून तिनं माझ्यापुढं केला. चढावर चालून माझा घसा कोरडा पडला होता. मी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, फक्त पेटी बंद केली. मी हात जोडले आणि नगरच्या लग्नात तिसऱ्यांदा जिलेबी वाढायला आलेल्याला म्हणतात तसं म्हटलं, "नको नको, आत्ताच झालं."

म्हातारीनं आग्रह केला नाही. तुंबा परत आत नेला, एवढंच.

पाळकसाहेबांचा एक दंडक होता आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. औषधाच्या रांगेत प्रार्थना नाही, देवाचं नाव नाही, पत्रक नाही. गोळी आणि प्रार्थना एकाच हातानं दिली की घेणाऱ्याला प्रार्थना ही गोळीची किंमत वाटते, असं ते म्हणायचे. आमच्याच संघातल्या काहींना हे पटत नव्हतं. मग इतक्या लांब यायचं कशाला, असा त्यांचा सवाल. पण पाळकसाहेब हटले नाहीत. ज्याला ऐकायचं त्यानं संध्याकाळी यावं. संध्याकाळी अख्खं गाव आलं. शुभवर्तमानासाठी आलं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पेट्रोमॅक्स होता आणि बाजाची पेटी होती. आमचं तिसरं भजन संपेपर्यंत त्यांच्यातला एक जण पावा घेऊन आला आणि पेटी गप्प बसली.

त्या रात्री पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय घेतला. विहिरीवरची शोमरोनी बाई. त्यांनी का निवडला कोण जाणे, डोंगरातल्या लोकांना पाण्याची गोष्ट जवळची वाटेल म्हणून असेल. दमलेला येशू विहिरीच्या काठावर बसला आहे, भर दुपार आहे, बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत आणि हा तिच्याकडं पाणी मागतो. पाळकसाहेब रंगून सांगत होते. आमच्याकडच्या मंडळींना कीर्तनाची जुनी सवय, त्यामुळे पोहरा नसल्याची गंमत, विहिरीची खोली, बाईचे बिनधास्त सवाल हे सगळं हातवाऱ्यांसकट चाललं होतं. भाऊ मावची, हिंदी आणि खाणाखुणा यांचं कालवण करून ते पुढं सरकवत होते. पाळकसाहेबांच्या मागे भिंतीशी आमचे दोन जेरीकॅन उभे होते. पेट्रोमॅक्सच्या उजेडात प्लास्टिक असं काही लखलखत होतं की मला दुसरीकडं बघताच येईना.

जिवंत पाण्यापर्यंत गोष्ट आली आणि ती म्हातारी मध्येच बोलली. भाऊंनी तिला दोनदा विचारून घेतलं, मग ते पाळकसाहेबांना म्हणाले, "ती विचारतेय, तिनं पाणी दिलं का? आणि तो प्याला का?"

पाळकसाहेब थांबले. बायबल उघडलं, बोट फिरवलं. मीही माझ्या प्रतीत शोधू लागलो. लहानपणी शब्बाथ शाळेत या अध्यायाची वचनं मला तोंडपाठ होती, बक्षीस म्हणून मिळालेला कंपास माझ्याकडं अजून आहे. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता. त्या अध्यायात येशू पाणी मागतो हे आहे. पुढं दोघांचं बोलणं आहे, लांबलचक आहे. बाई घागर तिथंच टाकून गावाकडं पळते हेही आहे. पण तो पाणी प्याला, असं योहानानं कुठंच लिहिलेलं नाही.

"प्याला असेल," पाळकसाहेब शेवटी म्हणाले. भाऊंनी सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. ते पटल्याचं होतं की आमची कीव केल्याचं, मला सांगता येणार नाही.

मला रात्रभर झोप आली नाही ती थंडीनं, असं मी बाकीच्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला आजी आठवत होती.

आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यातलं, वडाळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ मध्ये नगरला आली आणि तिथून खेड्याखेड्यांत पसरली. वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक राहत. धर्मोपदेशाबरोबर या गृहस्थाला पाखरांचा नाद होता, दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरांत आढळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आजही आहे. थंडीच्या दिवसांत बैलगाडीत तंबू टाकून मिशनचे साहेब दौऱ्यावर निघत. असाच एक साहेब १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आधी आमच्या महारवाड्यात आला, अशी घरातली गोष्ट. कोणता साहेब, हे गोष्टीत नाही. आजी नुसतं 'सायब' म्हणायची.

गोष्ट अशी, की सायब घोड्यावरून उतरला, माझ्या पणजोबांच्या दाराशी आला आणि त्यानं पाणी मागितलं. पणजोबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गावात त्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा, पाणवठ्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीत मिळायचं ते पाणी. आणि हा गोरा माणूस त्यांच्या हातचं मागतोय. पणजोबांनी तांब्या राखेनं तीनदा घासला. सायब प्याला. उभ्यानं नाही, उंबऱ्यावर बसून. इथं आजी थांबायची आणि मग हमखास म्हणायची, "आन् मंग आठ दिस सायबाचं प्वाट बिघडलं हुतं." हे खरं होतं की तिनं जोडलेलं, कळायला मार्ग नाही. पण ती ते कधी गाळायची नाही आणि सांगताना फार खुशीत असायची.

दुष्काळ आला, माणसं मेली, आणि पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. नगर भागात त्या वर्षांत पुष्कळांनी घेतला. भाकरीसाठी बाटले, असं गाव म्हणालं. शाळेत मलाही एकदा हे ऐकावं लागलं. घरी येऊन मी रडलो तेव्हा आजी चुलीपुढून न उठता म्हणाली, "भाकर तर सरकारच्या खडीवर बी मिळत हुती. पानी मागाया एकच आला व्हता."

त्या दौऱ्यांचे अहवाल बोस्टनला जायचे आणि तिथल्या 'मिशनरी हेराल्ड' मासिकात छापले जायचे. इतकी गावं, इतक्या सभा, इतके बाप्तिस्मे. पणजोबा त्यांतल्या कुठल्या तरी बेरजेत एक असतील. नाव नाही, नुसती रेघ, चारांवरची पाचवी. त्या रात्री शाळेच्या खोलीत कांबळं डोक्यावर घेऊन पडलो असताना मला एकदम कळलं की आमच्या घराण्यात वहीच्या या बाजूला बसलेला मी पहिलाच. आणि या बाजूला बसल्यावर पहिल्या दोन दिवसांत मी केलेली गोष्ट म्हणजे पाण्याला 'नको' म्हणणं.

मनातल्या मनात मी सिस्टरशी भांडलो आणि हरलो. सायबाच्या काळी पटकी का होते हे धड कुणाला माहीत नव्हतं, आम्हाला माहीत होतं. माहीत असून मुद्दाम आजारी पडण्यात कसलं मोठेपण? पण मग दुसरंही आठवलं. वडाळ्याच्याच मिशन दवाखान्यात रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं काम करायचं. दवाखान्यात बरा होऊन गेलेला माणूस तोच आजार घेऊन पुन्हा परत येतो, हे त्यांना तिथं दिसलं. १९७० मध्ये ते जामखेडला गेले, ते तिथलेच होऊन राहिले. गावातल्या निरक्षर बायकांना, त्यांतही दलित बायकांना शिकवून त्यांनी आरोग्य सेविका केलं. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा नगर जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळींतून पेढे वाटले गेल्यासारखा आनंद होता. त्यांची मला सगळ्यात आवडणारी हुशारी म्हणजे हातपंप. पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ती शक्यतो दलित वस्तीत घेतली. मग पाटलाच्या सुनेलाही घागर घेऊन तिथंच यावं लागे. पाणी शुद्ध आणि वर मागायलाही जावं लागणार. सिस्टर आणि आजी, दोघींचं समाधान एका बोअरमध्ये. पण त्यासाठी जामखेडला राहावं लागतं. शिबिर हा शब्दच तंबूचा. तंबू उचलायचाच असतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही उचलला. उतरताना जेरीकॅन रिकामे होते, एकमेकांवर आपटून ढबढब वाजत होते. अहवाल मीच लिहिला. रुग्ण १९०, संध्याकाळच्या सभा २, आरोग्य प्रात्यक्षिक १. पंचकमिटीनं वाचून घेतला, टाळ्या झाल्या, पाळकसाहेबांनी स्तुतीची प्रार्थना केली. म्हातारीचा प्रश्न कुठल्या रकान्यात घालावा ते मला सुचलं नाही आणि मी तो घातला नाही.

पुढच्या वर्षी शिबिर झालं नाही. मंदिराचे पत्रे गळायला लागले होते, पैसे तिकडं गेले. मार्चच्या सुरुवातीला, होळीच्या थोडं अलीकडे, मी आणि सुवार्तिक भाऊ असे दोघंच गेलो. सिस्टरनी खरजेचं मलम दिलं होतं ते पोचवायचं, हे सांगायचं कारण. जेरीकॅन नेला नाही. शहाद्याहून धडगावच्या एसटीत बसल्यापासून मी पाणीही प्यालो नाही. हे आता लिहिताना पोरकट वाटतं. ओहोळ आटून डबक्यांवर आला होता, मोहाच्या झाडांखाली पहिली फुलं पडायला लागली होती आणि ऊन डोक्यात जात होतं.

म्हातारी दाराशीच होती. तिनं भाऊंना ओळखलं, मला ओळखायला जरा वेळ लागला. नात बरी होती, कोंबडीमागं पळत होती. घोंगडी पडली. मी बसलो आणि भाऊंना म्हणालो, "मला पाणी पाहिजे म्हणून सांगा."

भाऊंनी सांगितलं. म्हातारी आत गेली. मी वाट पाहत राहिलो. तुंबा आला नाही. आतून काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग धूर. मी वाकून पाहिलं. तिनं तीन दगडांच्या चुलीवर ॲल्युमिनियमचं पातेलं चढवलं होतं आणि फुंकणीनं जाळ धरत होती.

"हे कशाला?" मी भाऊंना विचारलं. "तिला म्हणावं, साधंच दे."

त्यांचं बोलणं झालं. भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती म्हणते, तुम्हाला आमचं चालत नाही. मागच्या वेळेला तिला माहीत नव्हतं."

मी पुन्हा सांगायला लावलं की चालतं, आज चालतं. तिनं ते हसून सोडून दिलं, पाहुण्याचा भिडस्तपणा सोडून द्यावा तसं. पातेलं गरम व्हायला वेळ लागला. लाकूड ओलसर होतं, मध्येच विझलं, पुन्हा पेटवावं लागलं. पहिली उकळी आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहून एक बोट वर केलं. मग दुसरं. तिसरी उकळी खळखळून आली तेव्हा तिन्ही बोटं. अगदी सिस्टरसारखी.

पाणी तिनं स्टीलच्या पेल्यात ओतून दिलं. पेला नवा होता, वरचा कागद अर्धवट निघालेला. हातात धरवेना. मी तो घोंगडीवर ठेवला आणि फुंकर घालत बसलो. पाण्याला धुराचा वास होता.

ती माझ्यासमोर बसली. चुलीपाशी बसून तिलाही तहान लागली असावी. माझं पाणी निवेपर्यंत तिनं मडक्यात तुंबा बुडवला आणि गार पाणी घटाघटा पिऊन टाकलं.